श्री दळदा मालिगावा (कँडीचे दंतमंदिर)

श्रीलंकेच्या मध्यभागातील डोंगराळ प्रदेशात, कँडी शहरातील तळ्याकाठी असलेले बौद्ध मंदिर. जुन्या राजवाड्याच्या आवारातील या मंदिरात गौतम बुद्धांचा डावा सुळा जतन केला आहे, अशी श्रद्धा आहे. १९८८ मध्ये कँडीचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

सुळा भाविकांच्या नजरेस क्वचितच पडतो. एकात एक सात करंड्या. त्यांतली सर्वांत बाहेरची, स्तूपाच्या आकाराची सोन्याची करंडी तेवढी दिसते. तीही दिवसातून तीनदा, पूजेच्या वेळी गाभाऱ्याचे दार उघडले म्हणजे. खाली ढोल आणि सनईसारखे वाद्य वाजू लागते आणि वरच्या मजल्यावर ओंजळीत कमळे घेतलेल्यांची रांग पुढे सरकू लागते.

दंतकथा कलिंगातून सुरू होते. बुद्धांच्या चितेतून मिळालेला सुळा तेथील राजांकडे पिढ्यान्‌पिढ्या होता. तो नष्ट करण्यासाठी ऐरणीवर ठेवून घण घातला, तर सुळा न फुटता ऐरणीतच रुतला, असे ‘दाठावंस’ हा पाली ग्रंथ सांगतो. पुढे शत्रू चाल करून आला तेव्हा राजा गुहशिवाची कन्या हेममाला हिने तो केसांत दडवला आणि पती दंतकुमारासह समुद्र ओलांडून लंकेत आणला. तिथे चौथ्या शतकात मेघवर्ण राजाने अनुराधपुरात त्याची प्रतिष्ठापना केली. पाचव्या शतकाच्या आरंभी आलेल्या फाहियान या चिनी यात्रेकरूने तिथल्या दंतोत्सवाचे वर्णन केले आहे.

ज्याच्याकडे सुळा, त्याचेच राज्य, हा समज लंकेत रुजला. साहजिकच राजधानी हलली की सुळाही हले, आणि आक्रमकांचा डोळाही त्याच्यावरच असे.

या कथेतला सर्वांत चमत्कारिक प्रसंग घडला तो गोव्यात. १५६० मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय कोन्स्तांतीनु द ब्रागांसा याने जाफन्यावर स्वारी केली आणि तिथल्या लुटीत एक दात त्याच्या हाती लागला. ब्रह्मदेशातील पेगूच्या राजाने त्यासाठी भलीमोठी रक्कम देऊ केली. तिजोरीला पैसा हवाच होता. पण मूर्तिपूजकांशी असला सौदा नको, असे आर्चबिशपने बजावले. अखेर सर्वांदेखत दात खलात कुटला, जाळला आणि राख नदीत टाकली. सिंहली परंपरेला हे मुळीच मान्य नाही. खरा सुळा तेव्हा रत्नपुराजवळच्या देल्गमुव विहारात, नाचणी दळायच्या जात्यात लपवला होता, असे ती सांगते. ऐरणीची कथा जपणाऱ्यांना खलबत्त्याची धास्ती ती काय वाटणार!

सोळाव्या शतकाच्या अखेरीस विमलधर्मसूर्य राजाने सुळा कँडीला आणून मंदिर बांधले. आजच्या मुख्य वास्तूचे श्रेय अठराव्या शतकातील नरेंद्रसिंह राजाला देतात. दर्शनी अष्टकोनी सज्जा मात्र कँडीचा शेवटचा राजा श्रीविक्रम राजसिंह याच्या काळातला. पुढे तिथे ताडपत्री पोथ्यांचे ग्रंथालय आले. १८१५ मध्ये राज्य इंग्रजांकडे गेले. १८१८ च्या उठावात बंडखोरांनी सुळा पळवला होता. तो परत हाती आल्यावरच इंग्रजांचा जीव भांड्यात पडला.

२५ जानेवारी १९९८ रोजी तमिळ वाघांनी स्फोटकांनी भरलेला ट्रक प्रवेशद्वारावर उडवला. माणसे दगावली, दर्शनी भागाची पडझड झाली; सुळा सुरक्षित राहिला. स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवाचा मुख्य सोहळा कँडीतून कोलंबोला हलवावा लागला.

जुलै-ऑगस्टमधील एसळ पेरहेरा या उत्सवात हत्तीवरून करंडीची मिरवणूक निघते आणि हत्तीपुढे पांढऱ्या पायघड्या अंथरतात. खरा सुळा मात्र मंदिरातच असतो. अनेक वर्षे हा मान मिळालेला ‘राजा’ हत्ती १९८८ मध्ये मेला. त्याचे पेंढा भरलेले शरीर मंदिराच्या आवारातील संग्रहालयात ठेवले आहे.