तगर नावाचं महानगर

बौद्ध मंदिरं पाहायची म्हटलं, की आपण सोलापूरकर अजिंठ्याची नाहीतर कार्ल्या-भाज्याची वाट धरतो. ती लेणी पाहावीतच. पण एका प्राचीन महानगराच्या बौद्ध खुणा आपल्या शेजारीच आहेत, हे किती जणांना ठाऊक असतं? ते महानगर म्हणजे तगर. आजचं धाराशिव जिल्ह्यातलं, तेरणाकाठचं तेर. सकाळी सोलापूरहून निघावं, सगळं निवांत पाहावं आणि दिवेलागणीला घरी यावं, इतकं ते जवळ आहे.

महानगर हा शब्द मी पदरचा घातलेला नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषकाने ‘पेरिप्लस’ हे सागरी व्यापाराचं माहितीपुस्तक लिहिलं. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठं शहर आहे, अशी नोंद त्यात आहे. इथलं जाडंभरडं कापड आणि तलम मलमल गाड्यांवर लादून भडोच बंदराला जाई आणि तिथून समुद्रापार. म्हणजे सोलापूरच्या चादरीआधी कितीतरी शतकं या मुलखाचं कापड जगात पोचलं होतं! हे तगर म्हणजेच आपलं तेर, असं फ्लीट या अभ्यासकाने १९०१ मध्ये मांडलं आणि ते सर्वमान्य झालं. त्या काळी व्यापारी आणि भिक्खूसंघ एकमेकांच्या आधाराने नांदत. व्यापारी दान देत. त्यांच्या वाटांच्या कडेने विहार उभे राहत. तेरला १९६० च्या दशकात झालेल्या उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेष मिळाले, ते या नात्याचीच साक्ष देतात.

अशा गावात एकट्याने फिरून फारसं काही हाती लागत नाही. म्हणून मी गावातल्याच एका जाणत्या निवृत्त गुरुजींना वाटाड्या म्हणून बरोबर घेतलं. त्यांनी मला त्रिविक्रम मंदिराशी नेलं, पण दारातून आत नेलं नाही. हे देऊळ आधी मागून बघायचं असतं, म्हणाले. मागे गेलो आणि त्याचं कारण कळलं. मागची भिंत सरळ नाही, अर्धगोल आहे. वर हत्तीच्या पाठीसारखं गोलाकार छप्पर. पुढचा मंडप नंतरचा. पण त्याच्या वर मूळ वास्तूची पिंपळपानी कमान डोकावते. कार्ल्याच्या चैत्यगृहाची हीच ठेवण, फक्त इथे ती विटांत बांधलेली आहे.

इथे एक गोष्ट लक्षात घेऊ. कार्ले, भाजे, अजिंठा इथली चैत्यगृहं डोंगरात कोरलेली आहेत. त्यांच्या छताला लाकडी वाशांसारखा आकार दिलेला आढळतो, कारण ती लाकूड-विटांच्या इमारतींची नक्कल आहे. त्या मूळ इमारती मात्र काळाच्या ओघात गेल्या. सांचीला, तक्षशिलेला अशा वास्तूंचे अवशेषच उरले. छपरासकट उभ्या राहिलेल्या अगदी मोजक्या; त्यांत आंध्रातलं चेझर्ला आणि आपलं तेर. लेणी टिकली ती दगडामुळे. मग विटांचं तेर कशामुळे टिकलं?

आत त्रिविक्रमाची मूर्ती आहे. बहुतेक अभ्यासकांच्या मते हे मूळचं बौद्ध चैत्यगृह, दीड हजार वर्षांच्या आसपासचं. पुढे तिथे विष्णूची पूजा सुरू झाली. ते आरंभापासून विष्णूचंच असावं, असंही मत आहे. पण पूजा अखंड राहिली म्हणूनच ही वास्तू वाचली, असं मला वाटतं. दिवा लागणाऱ्या वास्तूच्या विटा कोणी काढून नेत नाही. ओस पडलेल्या स्तूपांना ते भाग्य लाभलं नाही.

गावाभोवतीच्या पांढरीचीही तीच कथा. जुन्या वस्तीची पांढरी माती खत म्हणून शेतात नेण्याची आपल्याकडची जुनी रीत. मातीबरोबर मणी, नाणी, मृण्मूर्तीही जात. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू जपून गोळा केल्या. त्यांच्या नावाचं शासकीय संग्रहालय आज तेरला आहे. तिथल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचं इटलीतल्या पाँपेईला सापडलेल्या मूर्तीशी साम्य आहे. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं. तगरच्या व्यापाराची झेप यावरून कळावी.

१९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर सोलापुरातही ठिकठिकाणी बुद्धविहार उभे राहिले. तिथल्या मुलांना तेरच्या त्या अर्धगोल भिंतीपाशी न्यायला हवं. आणि त्रिविक्रमाला हात जोडणाऱ्या, गोरोबाकाकांच्या समाधीला माथा टेकणाऱ्या भाविकांनीही एकदा मागच्या बाजूला जाऊन यावं. ही वास्तू मूळची कोणाची, हा वाद अभ्यासकांनी खुशाल करावा. आपल्या वाट्याला त्याहून साधं काम आहे: मातीचं हे धन आणखी गाड्या भरून जाऊ न देणं. कुंभाराच्या गावाला भाजलेल्या मातीचं मोल निराळं सांगायला नको. ते आपणच शिकायचं आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)