हजेरी

शाळेत रोज सकाळी मी हजेरी घेतो. एकेक नाव उच्चारायचे, 'हजर सर' असा आवाज आला की पटावर खूण करायची आणि पुढच्या नावाकडे वळायचे. वीस वर्षांत या कामाचा मी कधी विचार केला नव्हता. तो करायला मला एका जपानी गोष्टीने भाग पाडले. आणि ती गोष्ट मला सांगितली बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांच्या शिवेवरच्या आमच्या शाळेतल्या नववीच्या एका मुलाने.

मी चित्रकलेचा मास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढे हात चालला तो रंगात आणि चार-दोन कादंबऱ्यांत. तेव्हा इतिहासावर मी लिहावे हे इतिहासकारांना आवडणार नाही. पण काही इतिहास दफ्तरखान्यात न जाताही अंगावर येतो, तसा हा आला.

त्या दिवशी वर्गाला 'माझे गाव' हा विषय दिला होता. कुणी ऊस काढला, कुणी देऊळ, कुणी कालव्यावरचा पूल. या मुलाने एक प्रचंड भिंत काढली होती. भिंतीच्या वरून एक राक्षसी तोंड आत डोकावत होते. तोंडाला कातडी नव्हती, नुसते लालभडक स्नायू. पायथ्याशी मुंगीएवढी माणसे उभी होती.

"हे कुठलं गाव रे?" मी विचारले.

"जपानातलं हाय, सर. 'अटॅक ऑन टायटन'. मोबाईलवर बघतो आमी." आणि थोडे थांबून तो म्हणाला, "पण सर, ते राक्षस वाईट न्हाईत. त्येंला तसं केलंय."

हा मुलगा फासेपारध्याचा. त्याचे शेवटचे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मग दिवाळीच्या सुट्टीत मी ती मालिका पाहायला बसलो, आणि एकदा बसलो तो शेवटपर्यंत उठलो नाही.

हाजिमे इसायामा नावाच्या जपानी चित्रकाराने २००९ साली ही चित्रकथा मासिकातून सुरू केली आणि २०२१ साली संपवली. तिच्यावरची मालिका २०१३ ते २०२३ अशी दहा वर्षे चालली. कथा थोडक्यात सांगतो. माणसांचा एक समाज एकात एक अशा तीन उंच भिंतींच्या आत शंभर वर्षे राहतो आहे. बाहेर माणसे खाणारे राक्षस आहेत आणि आपल्याखेरीज जगात माणूस उरलेला नाही, असे त्यांना शिकवलेले आहे. एके दिवशी भिंत फुटते. एरेन नावाच्या पोराच्या डोळ्यांदेखत राक्षस त्याच्या आईला खातो. त्या दिवशी तो शपथ घेतो, की या जातीतला एकही जिवंत ठेवणार नाही.

इथवर ही आपल्या राक्षसकथांसारखीच कथा आहे. पण पुढे एका तळघरातली कागदपत्रे हाती लागतात आणि सगळे उलटे होते. भिंतीबाहेर जग आहे, देश आहेत, माणसे आहेत. त्या जगाच्या लेखी भिंतीतली माणसेच सैतानाची औलाद. त्यांच्याच रक्ताचे भाईबंद समुद्रापलीकडे एका कुंपणात कोंडलेले आहेत. दंडावर पट्टी बांधल्याशिवाय आणि परवाना घेतल्याशिवाय त्यांना कुंपणाबाहेर पाऊल टाकता येत नाही. आणि ते राक्षस म्हणजे त्याच लोकांना टोचून बनवलेली माणसे. हजारो वर्षांपूर्वीच्या पूर्वजांचा गुन्हा आज जन्मलेल्या पोराच्या दंडावर बांधलेला.

ती दंडावरची पट्टी पाहिली आणि मला जपान दिसेनासे झाले. दिसू लागला आपला मुलूख.

आपल्याकडची भिंत म्हणजे गावकूस. जुन्या काळी दख्खनच्या गावाला मातीचे कूस असे, त्याला वेस असे आणि दिवेलागणीनंतर वेस बंद होई. इंदापूरला मालोजीराजांची गढी आहे. तिच्या पांढऱ्या मातीकडे पाहिले म्हणजे या भिंतींची कल्पना येते. भिंतीच्या आत गाव, बाहेर महारवाडा, मांगवाडा, रामोशांची घरे, आणि त्याही पलीकडे माळावर पारध्यांची, कैकाड्यांची पाले. गंमत अशी, की वेशीवर राखणीला उभा असे तो बाहेरचाच माणूस. गावात चोरी झाली तर रामोशाने माग काढत तो पुढच्या गावच्या शिवेपर्यंत न्यावा, नाहीतर नुकसान भरून द्यावे, अशी रीत होती. राखणीबद्दल त्याला हक्क होता, आणि त्या हक्काला मानही होता.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि हे हक्क आटले. पुरंदरसारखे किल्ले ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखले त्या रामोशांच्या जमिनी गेल्या, काम गेले. शेजारच्या पुरंदर तालुक्यातल्या भिवडीचे उमाजी नाईक बंडाला उभे राहिले ते यातूनच. १८३२ साली पुण्यात त्यांना फाशी दिले. त्यांना पकडण्याच्या मोहिमेत असलेल्या कॅप्टन मॅकिंटॉशने १८३३ साली रामोशांवर पुस्तक प्रसिद्ध केले. एका माणसाचे बंड मोडल्यावर साहेब सगळ्या जमातीचे वर्णन लिहायला बसतो, ही गोष्ट मला फार सूचक वाटते. पुढे जे झाले त्याचे बीज अशा वर्णनांत आहे.

१८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला. आरंभी तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, १९११ साली देशभर लावण्याची सोय झाली आणि १९२४ साली तो पुन्हा बांधून काढला गेला. त्यामागचा युक्तिवाद सोपा होता. या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो आणि विणकराचा विणकर. तेव्हा चोराचा मुलगा चोरच होणार. आपल्याच जातिव्यवस्थेचा आरसा साहेबाने आपल्याला दाखवला, आणि त्यात वावगे काही आहे असे गावकुसाच्या आतल्या फारच थोड्यांना वाटले. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली, की त्या जाहीरनाम्याविरुद्ध कोर्टात दाद मागता येत नसे. माणसांची नावे नोंदवहीत चढत, बोटांचे ठसे घेतले जात, परगावी जायचे तर पास लागे. मुलांना आईबापांपासून तोडून वेगळे ठेवण्याचीही तरतूद होती. आणि या सगळ्याचा रोजचा चेहरा म्हणजे हजेरी.

हा शब्द इतके दिवस माझा होता. तो माझ्याआधी चावडीचा होता हे मला ठाऊक नव्हते. अण्णा भाऊ साठे यांच्या 'फकिरा' कादंबरीत मांगांच्या हजेरीचा जाच आहे. ती कादंबरी १९५९ सालची. मी ती शाळकरी वयात वाचली होती, पण घोडा आणि तलवार तेवढी लक्षात राहिली होती. सुट्टीनंतर त्या मुलाला मी सहज विचारले, तुमच्या घरी कुणाला हजेरी आठवते का? तो म्हणाला, "आजी सांगती. पणज्याला रातचं चावडीतच झोपाय लागायचं. न्हाई गेलं तर पाटील माणूस धाडायचा."

आणि कुंपणही होते. सोलापुरात काटेरी तारेच्या आत या जमातींची वसाहत होती. तिथली माणसे गिरण्यांत राबत आणि हजेरीला परत येत. तिथल्या 'सेटलमेंट फ्री कॉलनी' या नावात ते कुंपणही आहे आणि सुटकाही आहे. मुंबई प्रांतात १९३७ साली कन्हैयालाल मुन्शी यांच्या अध्यक्षतेखाली या कायद्याच्या चौकशीसाठी समिती नेमली गेली. १९४९ साली मुंबई सरकारने कायदा काढून टाकला, आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभर रद्द झाला. स्वातंत्र्य आले त्या वेळी सुमारे १२७ जमाती, सव्वा कोटीच्या वर माणसे, या कायद्याखाली होती असा हिशेब सांगतात. देशाच्या स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी त्यांचे स्वातंत्र्य आले. त्यांना नवे नाव मिळाले, 'विमुक्त'.

तार तुटली. मग माझ्या वर्गातल्या मुलाला ती जपानी पट्टी इतकी ओळखीची का वाटावी?

याचे एक उत्तर आपल्याच माळावर आहे. फासेपारधी म्हणजे फासे लावून तित्तर, लाव्हे, हरणे धरणारा. बारामती-इंदापूरचा कोरडा माळ हीच त्याची शेती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरेचा डावा कालवा आला, ऊस आला, पुढे वालचंदनगरसारखे कारखाने उभे राहिले. तालुका सुखी झाला आणि माळ आक्रसला. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. तो आवश्यकच होता. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात किंवा कडबनवाडीच्या माळावर चिंकारा पळताना दिसतो तो त्यामुळेच. पण पारध्याला त्याचा अर्थ एवढाच, की आधी जन्म हा गुन्हा होता, आता पोट भरण्याची विद्या हा गुन्हा. कसायला जमीन नाही आणि रानात शिरायला हक्क नाही, तेव्हा चोरी झाली की पोलीस कुठल्या पालावर जाणार, हे सगळ्या गावाला आधीच माहीत.

१९९८ च्या फेब्रुवारीत बंगालमधल्या पुरुलिया जिल्ह्यात बुधन शबर कोठडीत मेला. त्याच वर्षी जूनमध्ये आमच्या बारामतीत एक पारधी कोठडीत मेला. महाश्वेतादेवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्तांच्या हक्कांसाठी संघटना उभारली तीही त्याच वर्षी. कायदा रद्द होऊन सेहेचाळीस वर्षे झाली होती. नोंदवही जळाली तरी तिच्यातली नावे पाठ झालेली होती. २०२४ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगाच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढून टाकण्याचा हुकूम द्यावा लागला, तेव्हा वहीदेखील पुरती जळाली नव्हती हे कळले.

हे लिहिताना मी पोलिसांकडे बोट दाखवून मोकळा होऊ शकत नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेत सहलीचे पैसे टेबलाच्या खणातून नाहीसे झाले. वर्गात चाळीस मुले होती. माझी नजर उठली ती थेट या मुलाकडे गेली. मी बोललो काहीच नाही. पण माझी नजर त्याने पाहिली, आणि माझ्या नजरेमागून वर्गाने पाहिले. त्याने न सांगता उठून आपले दप्तर माझ्यासमोर पालथे केले. पैसे दुसऱ्या दिवशी एका जाड वहीत सापडले. ज्यांनी ठेवले होते त्यांनाच आठवण राहिली नव्हती. सगळे हसले. मीही हसलो. मी त्याची क्षमा मागितली नाही. कुणी आरोपच केला नव्हता, मग क्षमा कसली मागायची, अशी माझ्या मनाची मी समजूत घातली.

पण त्या वर्गात त्या दिवशी मी हजेरी घेतली होती, ती चावडीतली.

द्वेष म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे रागाने लाल झालेला माणूस येतो. माझ्या मनात त्या क्षणी राग नव्हता. होती ती केवळ सवय. द्वेष पिढ्यान्‌पिढ्या टिकतो तो असा, थंड होऊन, यादीच्या रूपाने. मूल जन्मण्यापूर्वीच त्याचे नाव तिथे लिहिलेले असते.

त्या जपानी कथेत यादीत नाव असलेल्यांचे दोन मार्ग दाखवले आहेत. कुंपणातली गाबी नावाची मुलगी दंडावरची पट्टी मुकाट्याने बांधते, आणि आपण 'चांगल्यांपैकी' आहोत हे सिद्ध करण्यासाठी भिंतीतल्या आपल्याच रक्ताच्या माणसांचा सर्वांत जास्त द्वेष करते. एरेनचा मार्ग दुसरा. जग मला राक्षस म्हणते ना, मग होतोच राक्षस. ज्या भिंतींनी शंभर वर्षे राखले त्यांच्यातच प्रचंड राक्षस चिणलेले असतात. एरेन त्यांना मोकळे करतो आणि जगातली बहुतेक माणसे तुडवून टाकतो. लेखकाने त्याला जिंकू दिले, पण सुखी होऊ दिले नाही. द्वेषाने दिलेले नाव खरे करून दाखवणे हा द्वेषाचाच विजय, हे त्याने भिडस्तपणा न ठेवता सांगितले आहे.

तिसरा मार्ग आपल्या मराठीत आहे. नीरेपलीकडच्या फलटण भागातले लक्ष्मण माने कैकाडी समाजाचे. त्यांनी १९८० साली आत्मकथन लिहिले आणि त्याला नाव दिले 'उपरा'. लक्ष्मण गायकवाडांनी १९८७ साली लिहिले, त्याचे नाव 'उचल्या'. दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीचा सन्मान मिळाला. मला त्या सन्मानापेक्षा मुखपृष्ठावरची नावे मोठी वाटतात. जगाने जी शिवी दिली होती ती त्यांनी आपल्या हाताने, आपल्या सहीखाली लिहिली. त्यांनी पट्टी लपवली नाही की तिचा फासही केला नाही. तिच्यावर काय लिहिले आहे ते वाचून दाखवले, आणि ते ऐकताना लिहिणाऱ्याचीच मान खाली गेली.

शाळा सुरू झाल्यावर मी त्या मुलाला बाजूला घेतले. सहलीच्या पैशांच्या दिवशी माझी चूक झाली असे म्हणालो. दोन वर्षे उशीर झाला होता. तो चपापला, इकडेतिकडे पाहू लागला. मग म्हणाला, "जाऊ द्या सर. शेवट बघितला का तुमी?"

"बघितला."

"मला न्हाई आवडला," तो म्हणाला. "एरेननं आदी सगळ्यांला सांगाय पायजे हुतं."

दुसऱ्या दिवशी मी हजेरी घेतली. त्याचे नाव आले तेव्हा मी पटावरून डोळे उचलून त्याच्याकडे पाहिले. मग मनात आले, बाकीच्या एकोणचाळीस जणांकडे न पाहता त्याच्याचकडे पाहणे, हीही पुन्हा तीच नजर झाली. म्हणून आता मी प्रत्येक नावाला मान वर करून पाहतो. हजेरीला पाच मिनिटे जास्त लागतात. तासाचा वेळ मोडतो अशी मुख्याध्यापकांची तक्रार आहे, आणि ती खरी आहे.

"हजर सर," तो म्हणतो.

मी खूण करतो.