रखमाबाई जिंकल्या कुठे?

22 नोव्हेंबरची जयंती आली की डॉ. रखमाबाईंवर लेख येतात आणि बहुतेकांत एक वाक्य ठरलेले असते: त्यांच्या खटल्यामुळे 1891 चा संमतिवयाचा कायदा झाला. बाई लढल्या, कायदा झाला, प्रश्न मिटला. खटल्याने वातावरण तापले हे खरेच. पण प्रश्न मिटला, हे कोणी सांगितले?

मुळात दावा काय होता? लग्न अकराव्या वर्षी लागलेले, पण रखमाबाई सासरी कधी नांदल्याच नाहीत. 1884 मध्ये दादाजी भिकाजींनी मुंबई हायकोर्टात धाव घेतली, बायकोने नांदायला यावे म्हणून. न्या. पिन्हे यांनी दावा फेटाळला. अपिलात तो निकाल टिकला नाही. मार्च 1887 मध्ये न्या. फॅरन यांनी फर्मावले, महिन्याभरात नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. बाईंनी कैद पत्करायची तयारी दाखवली. अखेर 1888 मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. म्हणजे कोर्टात त्या हरल्या. सोडवणूक झाली ती पैशाने.

1891 च्या कायद्याने संमतिवय दहाचे बारा केले. त्याची निकड पटली ती नवऱ्याच्या जबरदस्तीने झालेल्या कलकत्त्याच्या फुलमणी दासी या कोवळ्या मुलीच्या मृत्यूने. पोरींच्या जिवासाठी तो हवाच होता. पण रखमाबाई काही दहा वर्षांच्या नव्हत्या. जाणत्या बाईने ‘मी नांदणार नाही’ म्हटले तर सरकारने तिला ओढून न्यावे का, हा त्यांचा प्रश्न. ‘केसरी’तून टीका करणाऱ्यांना तो बरोबर कळला होता, गौरव करणाऱ्यांना अजून कळायचा आहे.

लंडनहून डॉक्टर होऊन परतल्यावर 1895 मध्ये त्या सुरतेच्या स्त्रियांच्या दवाखान्यात रुजू झाल्या आणि दोन दशकांहून अधिक काळ तिथे राहिल्या. आपले लेख हे सारे एका ओळीत उरकतात. दवाखान्यात बाळंत व्हायला बायका धजत नसत, तेव्हा त्यांनी एक गाभण शेळी आत आणून तिची सुखरूप सुटका करून दाखवली, अशी हकीकत सांगतात. कोर्टात जे मिळाले नाही ते सुरतेत त्यांनी स्वतः उभे केले. बाईने आपल्या पायाने यावे, तिला कोणी ओढून आणू नये.

आणि तो दावा? तो आहे तिथेच आहे. तुरुंगाची शिक्षा 1923 मध्ये गेली, पण मे 1955 मध्ये आलेल्या हिंदू विवाह कायद्यात नवव्या कलमाने नांदायला बोलावण्याचा दावा पुन्हा लिहून ठेवला. त्याच वर्षी सप्टेंबरात रखमाबाई वारल्या. ही आपली परंपरा म्हणावी तर तसेही नाही. दावा आला विलायती चर्चच्या कायद्यातून, आणि इंग्रजांनी स्वतः तो 1970 मध्ये मोडीत काढला.

वकील मंडळी म्हणतील, आता हे कलम नवरा-बायको दोघांनाही आहे. घराबाहेर काढलेल्या बाईला त्याचा आधारच होतो. मुद्दा वजनदार आहे. 1983 मध्ये आंध्र प्रदेश हायकोर्टाने हे कलम घटनाबाह्य ठरवले, तर पुढच्याच वर्षी सरोज राणी खटल्यात सुप्रीम कोर्टाने ते उचलून धरले, संसार मोडू नये म्हणून. पण त्या खटल्यात घडले काय ते पाहा. दावा बायकोचा होता. नवऱ्याने विरोध न करता हुकूमनामा होऊ दिला. तिचे म्हणणे, ती गेली आणि दोन दिवसांत त्याने तिला बाहेर काढले. वर्ष उलटताच, हुकूम होऊनही एकत्र नांदणे झाले नाही, एवढ्याच आधारावर त्याने घटस्फोट मागितला. संसार वाचवणारे म्हणून जे कलम कोर्टाने राखले, त्याच निकालात त्याच्या जोरावर नवऱ्याला घटस्फोट मिळाला. स्त्रियांच्या हक्कांच्या राष्ट्रीय धोरणात काय हवे याच्या याद्या निघतातच. त्यांतून नववे कलम अनेकदा वगळले जाते ते रखमाबाईंचे प्रकरण निकालात निघाले असे आपण धरून चाललो म्हणून.