पिंपरीची बुरशी

माजलगावला गेलो की आजी 'पेन्शिलीन'ची गोष्ट सांगतेच. त्या सुयांनी तिचा भाऊ वाचला म्हणे.

पूर्वी हे औषध परदेशातून यायचं. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९५५ मध्ये उत्पादन सुरू झालं. टाक्यांमधून चक्क बुरशी वाढवायची!

आता गंमत बघा. १९२८ मध्ये फ्लेमिंगला सापडलेली ही बुरशी पेशीच्या हिशोबाने आपल्या नात्यातली. तिचा डीएनए आपल्यासारखाच केंद्रकात, पडद्याआड. जिवाणूचा मात्र पेशीत मोकळाच पडलेला. पण पेनिसिलीनला केंद्रकाशी घेणंदेणं नाही, ते जातं भिंतीवर. जिवाणूची भिंत पेप्टिडोग्लायकनची. पेनिसिलीन तिचे सांधे जुळू देत नाही, मग आत शिरणाऱ्या पाण्याने तो फुटतो. बुरशीची भिंत वेगळी, कायटिनची. आपल्या पेशींना तर भिंतच नाही. म्हणून भाऊ वाचला, जंतू मेले.

व्हायरसला तर पेशीच नसते, त्यामुळे सर्दीवर हे औषध फुकट. उलट विनाकारण घेतलं की अंगातले निर्ढावलेले जिवाणू तेवढे उरतात आणि वाढतात. आजीला हे काही पटत नाही. शिंक आली की 'सुई घे' चालूच!