गाऱ्हाणे आणि ऐकणारा

कोकणातल्या आणि गोमंतकातल्या देवळांत गाऱ्हाणे घालण्याची रीत आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. गावचा मानकरी किंवा गुरव देवापुढे उभा राहतो, कोणाच्या घरी काय उणे आहे ते नाव घेऊन सांगतो आणि जमलेली मंडळी एका सुरात होकार देतात. गाऱ्हाणे लगेच फिटते असे नाही. पण ते चारचौघांत मोठ्याने सांगितले गेले आणि कोणीतरी ते ऐकले, एवढ्याने माणसाचे निम्मे ओझे उतरते. नगरपालिकेच्या दारात मात्र ही सोय नाही. तिथे गाऱ्हाण्याचा अर्ज होतो, अर्जाला आवक क्रमांक पडतो आणि बारनिशीच्या वहीत त्याची समाधी लागते.

आमच्या घरी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, एक फाईल आहे. अण्णा प्राथमिक शाळेत मास्तर. सीमेवरच्या आमच्या गावात पावसाळा आला, की रस्त्याकडेचे गटार तुंबे आणि पाणी थेट माजघरात येई. चार वर्षांत अण्णांनी नगरपालिकेला अकरा अर्ज केले, सगळे मराठीत. प्रत्येकाची नक्कल आणि पोच त्यांनी सुतळीने बांधून ठेवली. तिथला कारकून भला माणूस होता. एकदा तो म्हणाला, "मास्तर, तुमचं अक्षर मोत्यासारखं आहे हो, पण साहेबांना वाचता येत नाही. मी तरी काय करू?" मग शेजारच्या कन्नड कुटुंबातल्या थोरल्या काकांनी बारावा अर्ज कन्नडमध्ये लिहून दिला. पाणी त्यांच्याही घरात शिरत होतेच. त्या अर्जालाही उत्तर आले नाही.

या बाराव्या अर्जाने मला विचारात पाडले. पहिल्या अकरा अर्जांना भाषा आडवी आली असे म्हणावे, तर बाराव्याला काय आडवे आले? अर्ज वाचता येणे ही एक गोष्ट झाली. तो ऐकून घेण्याचे कर्तव्य कोणावर तरी असणे, ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीचा इतिहास मोठा रंजक आहे आणि तो सुरू होतो आपल्यापासून फार दूर, स्वीडनमध्ये.

स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स १७०९ साली पोल्टाव्हाच्या लढाईत रशियाकडून हरला आणि तुर्की सुलतानाच्या मुलखात आश्रयाला राहिला. राजा परमुलखात, राज्य अधिकाऱ्यांच्या हाती. कारभारी कायदा पाळतात की नाही हे पाहण्यासाठी त्याने १७१३ साली तिथूनच हुकूम काढून आपला एक प्रतिनिधी नेमला. या प्रतिनिधीला स्वीडिश भाषेत 'ओम्बुड्समन' म्हणत. पेशवाईत परदरबारी आपल्या धन्याची बाजू मांडणारा जसा वकील असे, तसाच हा शब्द. पण हा वकील राजाचा होता, रयतेचा नव्हे. पुढे १८०९ साली स्वीडनमध्ये राजा पदच्युत झाला आणि नवी राज्यघटना आली. या घटनेने संसदेला स्वतःचा ओम्बुड्समन निवडण्याचा अधिकार दिला. १८१० साली लार्स ऑगस्टिन मॅनरहाइम या पदावर निवडले गेले. राजाचा वकील आता लोकांचा झाला.

यातली एक गोष्ट आपल्यासारख्या नळ-गटारवाल्या तक्रारदारांनी ध्यानात ठेवावी अशी आहे. हा लोकांचा वकील अधिकारी आणि न्यायाधीश यांच्यावर नजर ठेवी, पण गावोगावचा नगरपालिकांचा कारभार त्याच्या कक्षेत आला तो १९५७ साली. जवळजवळ दीडशे वर्षे नगरपालिका बाहेरच राहिल्या. स्थानिक स्वराज्य म्हणजे लोकांचेच राज्य, त्यावर आणखी पहारेकरी कशाला, अशी समजूत होती. पण माणसाचा सरकारशी रोजचा संबंध येतो तो नळाच्या तोटीशी, कचऱ्याच्या ढिगाशी आणि घरपट्टीच्या पावतीशी. राजधानीतला मंत्री त्याला जन्मात एकदा दिसतो. वॉर्डातला मुकादम रोज दिसतो.

इंग्लंडमध्ये ही कल्पना उशिरा पोचली आणि तिच्यामागे जमिनीचे एक प्रकरण होते. डॉर्सेट परगण्यातल्या क्रिचेल डाउन येथील ७२५ एकर जमीन विमानदलाने १९३८ साली बाँबफेकीच्या सरावासाठी सक्तीने घेतली. युद्धानंतर गरज सरली, तरी ती मूळ कुटुंबाला परत मिळेना. ती शेतकी खात्याकडे गेली आणि अधिकारी परस्पर तिची वेगळीच व्यवस्था लावू लागले. कुटुंबाने चिकाटीने दाद मागितली, चौकशी झाली आणि जुलै १९५४ मध्ये शेतकीमंत्री सर टॉमस डगडेल यांना राजीनामा द्यावा लागला. लोकांना कळून चुकले, की लाच न घेता, कायदाही फारसा न मोडता, नुसत्या बेपर्वाईने सरकार माणसावर अन्याय करू शकते. यातून झालेल्या विचारमंथनानंतर १९६७ साली संसदीय आयुक्ताचे पद निर्माण झाले.

या बेपर्वाईला इंग्रजी कायद्याने दिलेल्या नावाला आपण 'गैरकारभार' म्हणू. कायद्याने त्याची व्याख्या केली नाही. रिचर्ड क्रॉसमन या मंत्र्याने १९६६ साली संसदेत एक यादीच वाचून दाखवली: पक्षपात, हयगय, दुर्लक्ष, दिरंगाई, अकार्यक्षमता, मनमानी आणि असेच बरेच काही. अण्णांच्या फाईलवर ही यादी चिकटवली असती तर अगदी शोभली असती.

नगरपालिकांसाठी असा आयुक्त इंग्लंडमध्ये १९७४ च्या स्थानिक शासन कायद्याने आला. त्याच्या कामाची रीत समजून घेण्यासारखी आहे. तक्रारदाराने आधी नगरपालिकेकडेच जायचे आणि तिला चूक सुधारण्याची वाजवी संधी द्यायची. तिथे दाद लागली नाही तर आयुक्ताकडे यायचे, साधारणपणे बारा महिन्यांच्या आत. सुरुवातीला ही तक्रार नगरसेवकामार्फतच करावी लागे. गंमत अशी, की पुष्कळदा तक्रारीचे मूळ त्या नगरसेवकाच्या सभागृहातच असायचे! ही अट १९८८ साली गेली आणि नागरिकाला थेट दार उघडले.

आयुक्त फाईल मागवतो, अधिकाऱ्यांना विचारतो, गरज पडल्यास जागा पाहतो. चौकशी खासगीत होते आणि अहवालात तक्रारदाराचे नाव येत नाही. नगरपालिकेने घेतलेला निर्णय शहाणपणाचा होता की नाही, हे तो ठरवत नाही. तो दोनच प्रश्न विचारतो: निर्णय घेण्याच्या रीतीत दोष होता काय? आणि त्या दोषामुळे या माणसाचे काही नुकसान झाले काय? दोन्हींचे उत्तर होकारार्थी आले, तर तो माफी, दुरुस्ती किंवा थोडीफार भरपाई सुचवतो. ही शिफारस असते, हुकूम नव्हे. मग नगरपालिकेने ती धुडकावली तर? त्यावर १९८९ च्या कायद्याने एक नामी युक्ती काढली. अशा नगरपालिकेने आपण शिफारस का मानत नाही, हे स्वतःच्या खर्चाने स्थानिक वर्तमानपत्रात छापायचे. दंड नाही, तुरुंग नाही. गावासमोर कबुली मात्र द्यायची. देवळातल्या गाऱ्हाण्याशी याचे नाते जवळचे नाही काय?

आता आपल्या घरी येऊ. 'लोकपाल' आणि 'लोकायुक्त' हे शब्द डॉ. लक्ष्मीमल्ल सिंघवी यांनी १९६३ च्या सुमारास रूढ केले. मोरारजी देसाई अध्यक्ष असलेल्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने १९६६ साली नागरिकांच्या गाऱ्हाण्यांवरचा आपला अहवाल दिला आणि केंद्रात लोकपाल, राज्यांत लोकायुक्त असावेत असे सुचवले. पहिले लोकपाल विधेयक १९६८ साली आले. प्रत्यक्ष कायदा २०१३ चा आणि पहिले लोकपाल नेमले गेले २०१९ मध्ये. राज्यांनी मात्र वाट पाहिली नाही. महाराष्ट्राने १९७१ साली कायदा केला आणि १९७२ साली लोकायुक्तांचे काम प्रत्यक्ष सुरू केले. मध्य प्रदेशाचा कायदा १९८१ चा, आंध्र प्रदेशाचा १९८३ चा, कर्नाटकाचा १९८४ चा, गुजरातचा १९८६ चा आणि गोव्याचा २०११ चा. म्हणजे इंदूरपासून पणजीपर्यंत, मराठी माणूस जिथे जिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिला, तिथे तिथे हे दार कधी ना कधी बांधले गेले.

महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या कायद्यांत दोन शब्द वेगळे ठेवले आहेत. एक 'आरोप', म्हणजे लाचलुचपत आणि अधिकाराचा दुरुपयोग. दुसरा 'गाऱ्हाणे', म्हणजे गैरकारभारामुळे सोसावा लागलेला अन्याय किंवा त्रास. गैरकारभारात हयगय आणि अकारण दिरंगाई स्पष्टपणे येते. लोकांच्या मनात मात्र पहिलाच शब्द ठसला. कर्नाटकाचे लोकायुक्त म्हटले, की डोळ्यांपुढे धाडी येतात, किंवा न्यायमूर्ती संतोष हेगडे यांचा २०११ चा खाण अहवाल येतो, ज्यानंतर मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. धाडीची बातमी होते, तुंबलेल्या गटाराची होत नाही. त्यामुळे ज्याने लाच मागितली नाही, पण कामही केले नाही, त्याच्याविरुद्धही दाद मागता येते, हे पुष्कळांना ठाऊकच नसते.

स्थानिक संस्थांसाठी वेगळा ओम्बुड्समन नेमण्याचे धाडस केले ते केरळने. १९९६ साली तिथे लोकयोजना मोहीम सुरू झाली आणि गावांच्या हाती मोठा पैसा आला. पैशाबरोबर पहारा हवा म्हणून १९९९ साली पंचायत कायद्यात दुरुस्ती होऊन हे पद निर्माण झाले. आरंभी सात सदस्यांचे मंडळ होते. पुढे एकच सदस्य ठेवला गेला. पंचायती आणि नगरपालिका दोन्ही त्याच्या कक्षेत येतात. तेराव्या वित्त आयोगाने तर स्थानिक संस्थांच्या कामगिरी अनुदानासाठी राज्यांना घातलेल्या अटींत अशा स्वतंत्र यंत्रणेची अट ठेवली. दुसऱ्या बाजूने सेवाहमीचे कायदे आले. मध्य प्रदेशाने २०१० साली देशात पहिला केला, कर्नाटकाची 'सकाल' योजना २०१२ पासून चालू झाली, महाराष्ट्राचा कायदा २०१५ चा. दाखला ठरल्या मुदतीत मिळाला नाही, तर कर्नाटकात दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई ठरली. रक्कम क्षुल्लक आहे. पण नागरिकाचा वेळ फुकटचा नाही, हे सरकारने कागदावर कबूल केले, ते क्षुल्लक नाही.

आता उरला अण्णांच्या अकरा अर्जांचा प्रश्न. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि सीमेवरची गावे रातोरात दुसऱ्या राज्यात गेली. कचेरीची भाषा बदलली, घरातली बदलली नाही. या बाजूने किंवा त्या बाजूने कोणाचे बरोबर, हा वाद इथे मांडायचा नाही. सांगायचे ते इतकेच, की आपल्या राज्यघटनेला ही अडचण ठाऊक होती. अनुच्छेद ३५० सांगतो, की गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी कोणत्याही अधिकाऱ्याकडे निवेदन करताना, संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत ते करण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी आला. १९५७ साली त्याचे कार्यालय अलाहाबादला सुरू झाले आणि पुढे एक विभागीय कार्यालय बेळगावलाही आले. १९६१ साली मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत असेही ठरले, की जिथे अल्पसंख्याक भाषिक १५ टक्के वा अधिक असतील, तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत प्रसिद्ध कराव्यात.

मात्र अनुच्छेद ३५० नीट वाचावा. अर्ज आपल्या भाषेत द्यायचा हक्क त्यात आहे. उत्तर त्या भाषेत मिळेल, असे तो म्हणत नाही. उत्तर मिळेलच, असेही म्हणत नाही.

इथे फिनलंडचे उदाहरण आठवते. तिथे फिनिश बहुसंख्य, स्वीडिश अल्पसंख्य. आताच्या कायद्याप्रमाणे एखाद्या नगरपालिकेच्या हद्दीत अल्पसंख्य भाषा बोलणारे ८ टक्के किंवा ३,००० असले, तर ती नगरपालिका द्विभाषिक ठरते आणि नागरिकाला दोन्हींपैकी आपल्या भाषेत तिच्याशी व्यवहार करता येतो. ही गोष्ट पाळली गेली नाही तर तक्रार जाते ती तिथल्या संसदेच्या ओम्बुड्समनकडे, ज्याचे पद १९१९ च्या घटनेने निर्माण केले. भाषेचे गाऱ्हाणे आणि गटाराचे गाऱ्हाणे यांना तिथे एकच ऐकणारा आहे. आपल्याकडे भाषेचा आयुक्त एकीकडे, लोकायुक्त दुसरीकडे, आणि मधल्या गल्लीत पाणी तुंबलेले.

अण्णा गेले तेव्हा फाईल माझ्याकडे आली. गटार पुढे केव्हातरी बांधले गेले, कोणाच्या अर्जाने ते कळले नाही. शेजारचे काकाही आता नाहीत. त्यांचा मुलगा आणि मी परवा ती फाईल उघडून बसलो होतो. अकरा मराठी अर्जांच्या शेवटी त्याच्या वडिलांच्या अक्षरातला कन्नड अर्ज निघाला. खाली दोघांच्या सह्या होत्या, एक मराठीत, एक कन्नडमध्ये. तो बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "याची पोच आहे काय रे?"

पोच होती. सुतळीत नीट ओवलेली.