सेवकाची निष्ठा आणि वेतनाची नीती : ‘आज्ञापत्रा’चा तौलनिक विचार

सेवकाने धन्याशी एकनिष्ठ असावे, ही अपेक्षा राजनीतिपर ग्रंथांत सर्वत्र आढळते. ती निष्ठा टिकावी म्हणून धन्याने काय करावे, हा प्रश्न मात्र तुलनेने कमी ग्रंथांनी गांभीर्याने हाताळला आहे. मराठीत या प्रश्नाचा सुसंगत विचार रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त (१७१५) दिसतो.

या विचारामागे एक अनुभव आहे. शिवकालीन व्यवस्थेचा भर रोख वेतनावर होता. प्रतापगडच्या युद्धानंतर (१६५९) जखमींना जखम पाहून पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत रकमा दिल्या गेल्या आणि निपुत्रिक मृतांच्या बायकांना निम्मे वेतन बांधून दिले गेले, असे सभासदाची बखर सांगते. १६८९ नंतर हे चित्र पालटले. राजाराम महाराज जिंजीस गेले, खजिना रिता झाला आणि मोगलांच्या आमिषांना उत्तर म्हणून मराठ्यांनाही वतनांची आश्वासने द्यावी लागली. त्या काळात महाराष्ट्रातील कारभाराची धुरा वाहणारे रामचंद्रपंतच होते. निष्ठा जमिनीच्या मोलाने विकत घेतली की तिची किंमत पुढल्या पिढ्यांना मोजावी लागते, हे त्यांनी जवळून पाहिले होते.

म्हणूनच ‘आज्ञापत्र’ वेतन आणि वतन यांत काटेकोर भेद करते. सेवेचा मोबदला वेतनातून पोचतो; त्याखातर भूमी वंशपरंपरेने तोडून देणे म्हणजे राज्यच हळूहळू खर्ची घालणे होय. वतनदार हे लहान असले तरी स्वतंत्र सत्ताधीशच, असे या ग्रंथाचे निदान आहे. समान सेवेस समान वेतन असावे. एखाद्याचा कुटुंबखर्च मोठा असल्यास प्रसंगोपात्त साहाय्य करावे, पण वेतनाचे मान मोडू नये, हा त्यातील विवेक विशेष लक्षणीय आहे. एकावरची कृपा इतरांच्या मनात असंतोष पेरते, याची जाण त्यामागे आहे.

कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’शी येथे साम्य दिसते. तेथे वार्षिक वेतनाची श्रेणी ६० पणांपासून ४८,००० पणांपर्यंत आखलेली असून, सेवेत मृत्यू आलेल्यांच्या स्त्रीपुत्रांच्या निर्वाहाची तरतूद आहे. कोश अल्प असल्यास कुप्य, पशू वा क्षेत्र द्यावे, असे तो सांगतो. ओसाड प्रदेश वसवू पाहणाऱ्या राजाने मात्र रोख द्यावे, गाव देऊ नये, असा त्याचा दंडक आहे. अकराव्या शतकातील निजाम-उल-मुल्काचा ‘सियासतनामा’ इक्तादारांना दोन-तीन वर्षांनी बदलण्याचा सल्ला देतो. भूमीशी जडलेला सेवक धन्यापासून दुरावतो, ही भीती या परंपरांना समान आहे.

या ग्रंथांचे कर्तृत्व परंपरेने ज्यांच्याकडे जाते ते तिघेही मंत्री, म्हणजे स्वतः सेवकच. सेवकानेच धन्याला सेवक राखण्याची नीती शिकवावी, हा या वाङ्मयप्रकाराचा अंगभूत पेच आहे. ‘आज्ञापत्रा’त तो अधिक तीव्र होतो. आज्ञा राजाच्या नावाची, वाणी अमात्यांची. आणि वतनांविरुद्ध इशारा देणाऱ्या या अमात्यांच्या घराण्याकडे बावड्याची जहागीर पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिली. अठराव्या शतकात मराठी सत्तेचा विस्तार सरंजामांच्याच आधारे झाला. ग्रंथाचा उपदेश व्यवहारात पराभूत झाला, असे त्यावरून म्हणता येईल. मात्र तो चुकीचा होता, असे त्यावरून सिद्ध होत नाही.