पॉप्लरचा क्रूस

पवित्र मूर्तीचे लाकूड म्हटले की आपल्यासमोर सागवान उभे राहते. वसई-गोव्याच्या जुन्या वेद्यांनी आपल्याला ती सवय लावली आहे. इटलीतील ख्रिस्ती कलेचा फार मोठा भाग मात्र पॉप्लर या अगदी सामान्य लाकडावर साकारलेला आहे. काश्मीरची सफरचंदे ज्या लाकडी खोक्यांतून येतात, ती खोकी बहुधा याच जातीच्या झाडांची.

पॉप्लर झपाट्याने वाढतो. त्याच्या रुंद फळ्या निघतात. लाकूड हलके आणि पटाशीला मऊ असते. दोष दोनच: त्याला कीड लवकर लागते आणि ते ओलाव्याने फुगते. म्हणून कारागीर फळीवर सरस लावीत, लिननचे कापड चिकटवीत, जिप्समचे थर देऊन ते घासून गुळगुळीत करीत आणि मगच सोने व रंग चढवीत. इ. स. 1400च्या सुमारास चेन्नीनो चेन्नीनी याने आपल्या ग्रंथात चित्रफलकासाठी हेच लाकूड सुचविले आहे. लिओनार्दोची ‘मोनालिसा’ही पॉप्लरच्याच फळीवर आहे.

4 नोव्हेंबर 1966 रोजी आर्नो नदीचा पूर फ्लोरेन्समध्ये शिरला आणि या लाकडाची कसोटी लागली. सांता क्रोचे येथे चिमाबुएने तेराव्या शतकात रंगविलेला भव्य क्रूस पाण्यात बुडाला. लाकूड फुगले, जिप्समचा थर सुटला आणि सुमारे 60 टक्के रंग नाहीसा झाला. वासारीने धर्मभगिनींच्या मठासाठी 1546 मध्ये रंगविलेले ‘शेवटचे भोजन’ बारा तासांहून अधिक काळ पाण्याखाली राहिले. दोनातेल्लोने पॉप्लरमध्येच कोरलेली पश्चात्तापदग्ध मरिया माग्दालेना चिखलाने माखली.

पुढचा इतिहास धीराचा आहे. वासारीच्या चित्रावर पातळ कागद चिकटवून रंग धरून ठेवला गेला. ते पुन्हा भिंतीवर चढले 2016 मध्ये, पुरानंतर बरोबर 50 वर्षांनी. चिमाबुएच्या क्रूसावर जे गेले, ते कोणी कल्पनेने रंगविले नाही. त्या जागा बारीक रेषांनी शांत केल्या. जखम जखमच राहू दिली. माग्दालेनेवरील चिखल आणि नंतरच्या काळातील तपकिरी थर काढले, तेव्हा खाली तिच्या केसांतील मूळ सोने चमकले.

आम्हांस हा शेवटचा प्रसंग विशेष बोधप्रद वाटतो. आपल्याकडेही सणापूर्वी जुन्या लाकडी मूर्तींवर ऑइल पेंटचा हात फिरविला जातो. हेतू भक्तीचाच असतो. पण त्या रंगाखाली आपल्या पूर्वजांनी ज्या मुखाकडे पाहून प्रार्थना केली, ते मुख झाकले जाते. म्हणून ब्रश उचलण्यापूर्वी जाणकारास विचारावे. संत योसेफाच्या हातांनाही लाकडाची पारख होती. त्या सुताराच्या भक्तांनी लाकडाबाबत घाई करू नये, एवढीच आमची विनंती.